पेरू, माशी आणि "बहुधा"

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. "ब्लॉग बंद पडला का?" असं विचारणाऱ्यांचे आभार, आणि थेट फोन करून विचारणाऱ्या घरच्यांचेही. बंद पडलेला नाही. एका माशीच्या मागे लागले होते, एवढंच.

त्याचं असं झालं. मागच्या श्रावणात काकांकडे गेले होते. काकांचं घर मावळात, कामशेतला लोकलमधून उतरून बरंच आत. तिकडे लोणावळ्याला गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात आणि इकडे भाताची खाचरं, चिखल, पाऊस आणि शांतता. घराच्या मागच्या अंगणात एक पेरूचं झाड आहे. आजोबांनी लावलेलं. आम्ही सगळी भावंडं लहानपणी त्या झाडावरून एकेकदा तरी पडलेलो आहोत (दादा दोनदा). पण गेली काही वर्षं पावसाळ्यातला त्याचा एकही पेरू तोंडात घालता येत नाही. बाहेरून पिवळाधमक, चिरला की आत पांढऱ्या अळ्यांचं वारूळ. त्या दिवशी काकूनं असाच एक पेरू चिरला आणि ताटलीतल्या दोन-तीन अळ्यांनी चक्क उड्या मारल्या. दादाची मुलगी किंचाळत ओटीवर पळाली ती जेवायलाच परत आली.

"दिवाळीनंतर झाडच काढून टाकतो," काका म्हणाले. "नुसता कचरा झालाय."

काकू काही बोलली नाही. मीही नाही. पण संध्याकाळी पाऊस थांबल्यावर कॅमेरा घेऊन झाडाखाली जाऊन उभी राहिले. एका अर्धवट पिकलेल्या पेरूवर एक माशी बसली होती. घरातल्या माशीएवढी, पण अगदी वेगळी. काळसर पाठ, पाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पिवळा पट्टा, पंख काचेसारखे, पोट तपकिरी आणि त्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. पहिल्या नजरेत छोटी गांधीलमाशीच वाटावी. पोटाचं टोक वाकवून ती पेरूच्या सालीत काहीतरी खुपसत होती. अंडी घालत होती. मी चाळीसेक फोटो काढले, त्यातले तीन धड आले.

काका मागे येऊन उभे होते. "काय करतेस?"

"हिचं नाव शोधणार आहे."

"अगं, नाव कळून काय करायचंय? माशी ती माशी."

हा प्रश्न मला परतीच्या लोकलमध्येही छळत राहिला.

पुण्याला आल्यावर तिन्ही फोटो किड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका मैत्रिणीला पाठवले. तासाभरात उत्तर आलं. "फळमाशी. मादी. बहुधा बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. चेहऱ्याचा फोटो आहे का?"

चेहऱ्याचा? मी तर पाठ आणि पंख दिसावेत म्हणून मुद्दाम वरून फोटो काढले होते! माशी शोभून दिसत होती त्यात. पण मैत्रिणीला शोभा नको होती. तिला डोळ्यांच्या खालचे दोन ठिपके बघायचे होते. ते एकमेकांपासून सुटे, गोल आहेत, का आडवे ताणलेले आहेत? पंखाच्या वरच्या कडेने जाणारी काळी रेघ टोकापर्यंत सलग आहे, का मध्ये तुटलीय? पुढच्या पायाच्या मांडीचा रंग कुठला? आणि हे सगळं दिसलं तरी, ती म्हणाली, पश्चिम घाटात हिच्या अगदी जवळच्या दुसऱ्याही जाती आहेत. नुसत्या फोटोवरून मी "बहुधा"च म्हणणार.

या "बहुधा"नं माझं डोकं फिरवलं. एवढी सगळीकडे सापडणारी माशी, सगळ्या महाराष्ट्राचे आंबे-पेरू नासवणारी, आणि तिचं नाव सांगायला एवढा संकोच? मग वाचायला बसले. आणि मंडळी, या माशीच्या नावाला जो इतिहास आहे तो एखाद्या जुन्या वाड्याच्या सात-बाऱ्यापेक्षा गुंतागुंतीचा निघाला.

सुरुवात होते १७९४ साली. आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पुण्याला वानवडीत महादजी शिंदे वारले. पंधरा वर्षांपूर्वी, १७७९ च्या जानेवारीत, याच मावळात वडगावला इंग्रजांची फौज कोंडणाऱ्यांत ते होते. तिकडे युरोपात त्याच १७९४ मध्ये फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश प्राध्यापकाचा कीटकांवरचा ग्रंथ पुढे सरकत होता. हा लिनियसचा शिष्य. गुरूनं झाडं-प्राण्यांना दोन शब्दांचं नाव द्यायची पद्धत रुजवली, शिष्यानं तीच पद्धत धरून हजारो किड्यांना नावं दिली. पूर्वेकडून आलेली एक माशी त्याच्यापुढे आली आणि तिचं नाव त्यानं ठेवलं मुस्का फेरुजिनिया. मुस्का म्हणजे माशी, फेरुजिनिया म्हणजे गंजाच्या रंगाची. लॅटिनमध्ये थोडक्यात वर्णन, की झालं काम.

पण एक घोळ झाला होता. हेच नाव, मुस्का फेरुजिनिया, स्कोपोली नावाच्या दुसऱ्या विद्वानानं १७६३ मध्येच युरोपातल्या एका वेगळ्याच माशीला देऊन ठेवलं होतं. त्या काळी जवळजवळ सगळ्या माश्या "मुस्का" याच एका आडनावाखाली कोंबलेल्या असायच्या, त्यामुळे अशी नावं आपटायची. आणि नियम असा की एकाच आडनावात तेच नाव दोघांना देता येत नाही. आधी आला त्याचं नाव राहणार. आपल्या माशीचं नाव त्यामुळे बाद. तरी भारतातल्या शेतीच्या जुन्या पुस्तकांत ही माशी पुढे किती तरी वर्षं "डॅकस फेरुजिनियस" म्हणूनच वावरत होती.

मग आलं १९१२ साल. हान्स साऊटर नावाचा एक जर्मन माणूस फॉर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानात, किडे गोळा करून युरोपातल्या तज्ज्ञांना पाठवत असे. त्यातल्या फळमाश्या हेंडेल नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाकडे गेल्या, आणि त्यानं एका माशीला नाव दिलं डॅकस डॉर्सॅलिस. हेच नाव पुढे टिकलं. आडनाव मध्ये एक-दोनदा बदललं आणि ती झाली बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस.

म्हणजे बघा, आजोबांच्या पेरूवर बसलेल्या माशीचं नाव तैवानात पकडलेल्या माश्यांवरून एका ऑस्ट्रियन माणसानं ठेवलंय! आणि यात काही अपवाद नाही हं. आपल्या कारल्या-दुधीला लागते ती फळमाशी दुसरी. ती भारताच्या बाजूचीच मानतात, पण तिचं नाव १८९९ मध्ये पडलं ते हवाईतल्या नमुन्यांवरून. तिकडे नवी येऊन उपद्रव करायला लागली तेव्हा कुणीतरी तिच्याकडे नीट पाहिलं. आपल्याकडे शतकानुशतकं ती होतीच. पण घरच्या माणसाचं कौतुक कोण करतो!

१९१२ हे वर्ष आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे, आणि ही गोष्ट आपल्या देशातली आहे. बिहारमधल्या पुसा इथे सरकारी शेती संशोधन संस्था होती. तिथे हॉवलेट नावाचे इंग्रज कीटकतज्ज्ञ काम करायचे. डास पळवायला लोक सिट्रोनेलाचं तेल वापरतात ना, त्या तेलाकडे फळमाश्या पळत येतात असं त्यांनी नोंदवलं. आणि गंमत म्हणजे येतात ते फक्त नर. १९१५ पर्यंत त्यांनी शोधून काढलं की ही करामत मिथाईल युजेनॉल या एका द्रव्याची आहे. नर ते चाटतात, त्यांच्या अंगात त्यापासून माद्यांना भुलवणारा गंध तयार होतो, आणि असा "अत्तर लावलेला" नर लग्नाच्या बाजारात वरचढ ठरतो, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं.

हे द्रव्य आपल्या तुळशीतही असतं. हे वाचलं आणि काकूचं तुळशीवृंदावन डोळ्यांसमोर आलं. पेरूपासून वीस पावलांवर! तुळशीवर ह्या "गांधीलमाश्या" घोंगावतात म्हणून काकू दर वर्षी कुरकुरते. त्या गांधीलमाश्या नव्हेतच बहुतेक, पेरूवरच्या मादीचे नवरे ते.

आता नावाच्या गोष्टीचा पुढचा भाग. फळमाश्या जगभर पसरत गेल्या तसं लोक त्यांच्याकडे जास्त बारकाईनं बघायला लागले. १९९४ मध्ये ड्रू आणि हॅनकॉक या दोघांनी आशियातल्या डॉर्सॅलिसच्या सगळ्या भाऊबंदांचा मोठा अभ्यास छापला. एकसारख्या दिसणाऱ्या पन्नासावर जाती, त्यांतल्या चाळीस नव्यानं नावं दिलेल्या. अंडी घालायची सुई किंचित लांब, पट्टा किंचित अरुंद, अशा बारीक फरकांवर ह्या वाटण्या झालेल्या. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या व्हाव्यात तशाच. आणि २००३ मध्ये केनियात एक फळमाशी सापडली, जी तिथे त्याआधी कुणी पाहिली नव्हती. ती बघता बघता आफ्रिकाभर पसरली. २००५ मध्ये तिला वेगळी जात म्हणून नाव मिळालं, इन्व्हेडेन्स, म्हणजे घुसखोर. मूळ गाव श्रीलंकेकडचं असावं असा अंदाज.

घुसखोर म्हटल्यावर बंदरं बंद झाली. तिथल्या शेतकऱ्यांचा आंबा दुसऱ्या देशांनी घेणं थांबवलं. एकीकडे वीसएक वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी ह्या भाऊबंदांची तपासणी चालवली होती. रूप पाहिलं, डीएनए पाहिला, गंध पाहिले, एकमेकांशी जुळवून संसार होतो का तेही पाहिलं. आणि २०१५ मध्ये जाहीर झालं की इन्व्हेडेन्स ही वेगळी जात नाहीच. मलेशियाकडची पपाये म्हणतात ती नाही, फिलिपिन्सची नाही. सगळ्या एकच. सगळ्या डॉर्सॅलिस. वाटण्या झालेलं कुटुंब पुन्हा एका चुलीवर आलं म्हणायचं!

हे वाचल्यावर मैत्रिणीच्या "बहुधा"चा राग गेला. ज्यांनी आयुष्यभर ह्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या त्यांचीही नावं चुकली, तिथे माझ्या तीन फोटोंची काय कथा.

आणि ह्या नावांवर काय काय अवलंबून असतं ते आपल्यालाही एकदा कळलंय. आठवतं का २०१४? १ मेपासून युरोपीय संघानं आपला आंबा बंद केला. सोबत वांगी, अळू, कारली आणि पडवळ. आदल्या वर्षी गेलेल्या मालातल्या दोनशेहून जास्त खेपांमध्ये फळमाश्या आणि इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात हापूसच्या पेट्या इथेच राहिल्या. लंडनची आमची चुलतबहीण फोनवर रडकुंडीला आली होती, आणि इकडे आपण स्वस्त आंबे खाऊन खूश होतो. माल सुधारल्यावर २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली.

त्या बंदीत डॉर्सॅलिसचं नाव घ्यायची गरजही नव्हती. युरोपच्या नियमात ह्या सगळ्यांना मिळून एकच वर्णन होतं, युरोपबाहेरच्या फळमाश्या. कारण बंदरावर पेटी उघडली की सापडते ती अळी. आणि अळीवरून जात ओळखणं माशीवरून ओळखण्यापेक्षाही अवघड. म्हणजे काकांचं म्हणणं तिथल्या साहेबांनाही मान्य होतं. माशी ती माशी :-)

मग फोटोवरून ओळख पटवायचीच नाही का? ह्यावर मोठमोठ्यांची भांडणं झालीत. २०१५ मध्येच दोन नामांकित माशीतज्ज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला नवी जात म्हणून नाव दिलं, तेही केवळ फोटोंवरून. माशी भुंग्यासारखी दिसणारी, आणि हाती नमुना एकही नाही. पुढच्या वर्षी जवळजवळ पाचशे अभ्यासकांनी एकत्र सह्या करून विरोध नोंदवला. त्यांचं म्हणणं असं की फोटोत जे आलं नाही ते पुन्हा कधीच बघता येणार नाही. संग्रहालयातल्या पेटीत टाचणीला लावलेली माशी असली तर दोनशे वर्षांनीही कुणी तिला उलटी करून चेहरा बघू शकतो. मला हे लगेच पटलं. चेहरा न आलेले तीन फोटो माझ्यासमोरच होते.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. तेव्हा पुण्याच्या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रात काम करणारे रमणा अत्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचलातल्या ईगलनेस्टमधल्या एका नव्या पक्ष्याचं वर्णन छापलं. बुगुन लिओसिक्ला. तेव्हा त्याचे मोजून चौदा पक्षी माहीत होते. त्यातला एक मारून पेटीत ठेवायचा? त्यांनी पक्षी जाळ्यात पकडला, फोटो काढले, मापं घेतली, जाळ्यात राहिलेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. आकाशातले तारे अभ्यासणाऱ्या माणसानं हे करावं हे मला फार आवडलं. ताऱ्याला तरी कुठे कोण पेटीत ठेवतं!

माझ्या माशीच्या बाबतीत असा काही नैतिक पेच नव्हता म्हणा. चौदाच काय, एका पेरूत चौदा निघतील. तरी पण पकडून मारायला हात होईना. आजीची शिकवण असेल, की नुसता भित्रेपणा, कोण जाणे.

तो प्रश्न झाडानंच सोडवला. गणपतीत पुन्हा गेले तेव्हा कृषी सेवा केंद्रातून दोन सापळे घेऊन गेले. आत मिथाईल युजेनॉलचा लाकडी ठोकळा असतो तो. हॉवलेट साहेबांचा शोध शंभर वर्षांनी डब्यात. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा "रक्षक" सापळा ह्याच तत्त्वावर चालतो. एक सापळा पेरूला टांगला, एक तुळशीपासून जरा लांब. पंधरा दिवसांनी काकांनी डबा उघडला आणि मला फोन केला. "अगं, मूठभर निघाल्या!"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं ओटीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. मी भिंग नेलं होतं. काका म्हणाले मला बघू दे, आणि मग अर्धा तास भिंग काही त्यांच्या हातातून सुटेना. एकेका मेलेल्या माशीचा चेहरा बघायचा. सुटे दोन गोल काळे ठिपके आणि पंखाची कड सलग काळी, ती डॉर्सॅलिस. ठिपके आडवे ताणलेले, जवळजवळ चिकटलेले, ती करेक्टा. अंग सगळं तांबूस आणि पंखाच्या टोकाशी एक डाग, ती झोनाटा. तिन्ही निघाल्या. डॉर्सॅलिस सगळ्यांत जास्त.

"म्हणजे एक माशी नव्हे, तीन," काका म्हणाले. आवाजात किंचित अभिमान होता, जणू तिघींना त्यांनीच पोसलं होतं.

आणि तसं ते खरंही होतं. दर पावसाळ्यात खराब पेरू आम्ही झाडामागच्या उकिरड्यावर टाकत आलो. पेरूतल्या अळ्या उड्या मारून मातीत जातात, मातीतच त्यांचे कोष होतात आणि दोनेक आठवड्यांत त्यांतून नवी माशी वर येते. इतकी वर्षं आपणच त्यांची सोय करत होतो हे मी सांगितलं तेव्हा काकू म्हणाली, "मी सांगत होते, पेरू खोल पुरा म्हणून. माझं ऐकतंय कोण." खरंच सांगत होती ती. तिला माशीचं नाव माहीत नव्हतं, पण अळी कुठे जाते ते माहीत होतं.

त्यामुळे काकांच्या प्रश्नाचं उत्तर आता मला असं द्यावंसं वाटतं. आपल्या अंगणातलं एक झाड वाचवायला नाव लागलं नाही. सापळा तिघींनाही पकडतो, आणि खड्डा तर कुठलीच जात विचारत नाही. पण तो सापळा कुठून आला? कुणीतरी पुसाला बसून कुठली माशी कुठल्या वासाला येते, कुठली येत नाही, हे निरनिराळं लिहून ठेवलं म्हणून. कारल्यावरच्या माशीला हा वास चालत नाही, तिला वेगळा लागतो. दोघींना एकच नाव असतं तर हे कळलंच नसतं. नाव आपल्यापर्यंत पोचतं तेव्हा त्याचा डबा झालेला असतो, एवढंच.

पेरू अजून उभा आहे. दिवाळीनंतर कुऱ्हाड निघाली नाही. थंडीतल्या बहराचे पेरू बरे निघाले, पण थंडीत तशीही माशी कमी असते, त्यामुळे लगेच पाठ थोपटून घ्यायला नको. खरी परीक्षा येत्या श्रावणात. एका घरानं सापळे लावून फार काही होत नाही, शेजारपाजारचे पेरू आहेतच, म्हणून काका आता शेजाऱ्यांना भिंगातून माश्यांचे चेहरे दाखवत असतात असं काकू सांगते.

राहता राहिली माझी फोटोतली माशी. गंमत लक्षात आली का तुमच्या? सापळ्यात येतात ते सगळे नर. माझ्या फोटोतली ती मादी. म्हणजे डब्यातल्या मुठीत ती नव्हती. तिचा चेहरा मी पाहिला नाही आणि आता पाहणारही नाही. फोटोच्या फाइलला नाव देताना बराच वेळ थांबले, मग लिहिलं: डॉर्सॅलिस, मादी, कामशेत, श्रावण. आणि सुरुवातीला, मैत्रिणीच्या आठवणीनं, "बहुधा".

असो. पुढच्या खेपेला चेहऱ्याचा फोटो काढायचाय. आणि दादा, तुझ्या लेकीला सांग, उडी मारणारी अळी चावत नाही.